पाठ नसलेले आसन

वसंत ऋतूतील व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींना इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य अशा भारदस्त विषयांची सवय असते. त्या पंक्तीत घरातल्या एका बुटक्या बैठकीला पाट मांडून बसवावे, हे काहींना थोडे गमतीचे वाटेल. पण आपल्या आयुष्याचा मोठा भाग आपण कशावर तरी बसून घालवितो, आणि कशावर बसतो याचा विचार मात्र खुर्ची विकत घेण्याच्या दिवशी अर्धा तास करतो. तेव्हा एक संध्याकाळ या विषयाला दिली तर ती वाया जाणार नाही.

ज्याला इंग्रजीत ऑटोमन म्हणतात आणि आपल्याकडचे फर्निचरवाले ज्याला सरसकट ‘पफी’ म्हणतात, ते हे आसन. त्याला पाठ नाही, हात नाहीत. गादी बसविलेला बुटका चौकोनी किंवा गोल ठोकळा एवढेच त्याचे रूप. त्याचेच धाकटे भावंड म्हणजे पाय टेकण्याचे स्टूल. जुन्या भाषेत त्याला पादपीठ म्हणत. पाठ नसणे हा वरवर पाहता दोष आहे. पण पाठ नाही म्हणूनच या आसनाला पुढची आणि मागची बाजू नाही. त्यावर चारी दिशांनी बसता येते, पाय टेकता येतात, ताट ठेवता येते, आणि काम संपले की त्याला कोपऱ्यात सरकविता येते. ज्या वस्तूला एकच काम नेमून दिलेले नाही, ती लहान घरात सर्वांत जास्त कामाला येते. आजच्या विवेचनाचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगावयाचे ते त्याचे स्पष्टीकरण होय.

नावांची कुळकथा

या सामानाची नावे मोठ्या प्रवासाची आहेत. ‘ऑटोमन’ हे नाव तुर्कस्तानातील उस्मानी साम्राज्यावरून पडले. उस्मान या संस्थापकाच्या नावाचा युरोपीय जिभांवर ऑटोमन झाला, आणि अठराव्या शतकात त्या देशातून आलेल्या बैठकीच्या तऱ्हेलाही युरोपात तेच नाव मिळाले. ‘सोफा’ हा शब्द अरबीतला. ‘दिवाण’ मूळचा फारसी. त्याचा अर्थ प्रथम नोंदवही आणि मग दरबाराची कचेरी. कचेरीत भिंतीलगत बसण्याची जी गादी असे, तिलाही दिवाण म्हणू लागले. आपल्याकडे हा शब्द राज्यकारभाराच्या वाटेने आला. म्हणून आपला दिवाण हा कारभारी, दिवाणी हा कोर्टातला दावा, आणि दिवाणखाना ही घरातली बैठकीची खोली. आता आपण खाली कप्पा असलेल्या पलंगालाही दिवाण म्हणतो. म्हणजे शब्द फिरून पुन्हा बसण्याच्या जागेवर आला.

सर्वांत मौजेची गोष्ट टीपॉयची. या नावातल्या ‘टी’वरून बहुतेकांची समजूत होते की, चहा ठेवण्याचे टेबल म्हणून टीपॉय. वस्तुतः चहाशी त्याचा संबंध नाही. हिंदुस्थानी ‘तिपाई’, म्हणजे तीन पायांची, आपली तिवई, हा शब्द इंग्रजांनी उचलला, त्याचा उच्चार बदलला, आणि आपण तो त्यांच्याकडून साहेबी शब्द म्हणून परत घेतला. शब्दांचे जे झाले तेच वस्तूंचेही झाले, हे पुढे दिसून येईल.

उस्मानी घर आणि फ्रेंच दरबार

जुन्या तुर्की घरातील खोलीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे झोपण्याची खोली वेगळी, जेवणाची वेगळी असा भेद बहुधा नसे. खोलीच्या भिंतीलगत बुटकी, लांबलचक बैठक बांधलेली असे. तिला सेदिर म्हणत. मधली जागा मोकळी. जेवणाच्या वेळी मध्यभागी एक बुटका आधार मांडून त्यावर धातूचे मोठे परात-वजा तबक ठेवीत आणि भोवती मंडळी बसत. जेवण आटोपले की तबक उचलले जाई. रात्री भिंतीतल्या कपाटातून गाद्या काढून अंथरीत आणि सकाळी पुन्हा कपाटात ठेवीत. एकच खोली दिवसातून तीन वेळा रूप पालटी. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात वजिरांची सभा जेथे भरे, त्या दालनातही भिंतीलगतची अशी बैठक आजही पाहावयास मिळते.

युरोपने ही बैठक उचलली, पण तिच्यामागची राहणी उचलली नाही. तेथे आसनाची उंची आणि घडण हा मानाचा प्रश्न होता. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या दरबारात राजाराणीसमोर बहुतेकांना उभेच राहावे लागे. डचेस पदवीच्या स्त्रियांना मात्र राणीसमोर बसण्याचा हक्क होता, आणि तो कशावर? तर ‘ताबुरे’ नावाच्या, पाठ नसलेल्या बुटक्या स्टुलावर! त्या एवढ्याशा स्टुलासाठी भल्या भल्या घराण्यांत चढाओढ चाले. पादपीठाची गोष्टही निराळी नाही. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्याचा शोध लागला. त्यातील पादपीठांवर बांधलेल्या शत्रूंची चित्रे आहेत. राजाने नुसते पाय टेकले तरी शत्रू पायाखाली यावा, ही त्यातली कल्पना.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत ऑटोमन स्थिरावला. त्याला झाकण लावून आत कपडे ठेवण्याची पेटी करण्याची युक्तीही त्याच काळात रुळली. पुढे १९५६ साली अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने वाकविलेल्या प्लायवूडची आणि चामड्याची आरामखुर्ची तयार केली, तिच्याबरोबर त्याच घडणीचा ऑटोमन जोडीला दिला. ती जोडी आजही बनते आणि विकली जाते. पण त्या खुर्चीसमोरचा ऑटोमन हा त्या खुर्चीचाच होऊन राहिला. तुर्की घरात जी बैठक सर्वांची आणि सर्व कामांची होती, ती युरोप-अमेरिकेत एका खुर्चीची पाठराखीण झाली.

आपला पाट

आता आपल्या घरात येऊ. उस्मानी घरात जे काम बैठक आणि तबक करीत, ते आपल्या घरात पाट आणि चौरंग करीत. जेवणाची वेळ झाली की पाटपाणी घेतले जाई. जेवण झाले की पाट भिंतीशी उभे केले जात आणि त्याच जागेत मुलांचा अभ्यास होई. तोच पाट भाऊबिजेला ओवाळणीसाठी रांगोळीवर मांडला जाई. गणपतीला चौरंग लागे, सत्यनारायणाला लागे. एरवी तोच चौरंग कोपऱ्यात डबे किंवा पुस्तके सांभाळीत उभा असे. पाटाचे ‘काम काय’ असे कोणी विचारले असते, तर घरातल्या बाईला एका शब्दात उत्तर देता आले नसते. ही त्याची थोरवी.

मग डायनिंग टेबल आले, सोफासेट आला, आणि पाट माळ्यावर गेले. यात दुःख करण्यासारखे सगळेच नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर बसणे हा छळ आहे, आणि खुर्चीने त्याची सुटका केली. परंतु पाटाबरोबर एक शहाणपणही माळ्यावर गेले. एका जागेने अनेक कामे करावीत आणि काम संपताच सामानाने बाजूला व्हावे, हे ते शहाणपण. आज दुकानातून जी पफी आपण आणतो, ती म्हणजे पंधरा-सोळा इंचांनी उंच झालेला, गादी घातलेला पाटच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तिच्याकडून पाटाची कामे घेतली तरच ती आणण्यात अर्थ.

जागेचा हिशेब

मुंबईत १९२० नंतरच्या दशकात बी. डी. डी. चाळी बांधल्या गेल्या. त्यातील एक खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे वाढली. आजच्या फ्लॅटमधील बाहेरची खोलीही पुष्कळदा याहून फार मोठी नसते. तिच्यात आपण सर्रास सोफासेट मांडतो. त्याचा हिशेब करून पाहा. तीन माणसांचा सोफा साडेसहा फूट लांब आणि पावणेतीन फूट खोल धरला तर सुमारे १८ चौरस फूट झाले. अडीच फूट रुंदीच्या दोन खुर्च्यांचे सुमारे १४. साडेतीन फूट बाय पावणेदोन फुटांच्या टीपॉयचे ६. बेरीज ३८ चौरस फूट, म्हणजे खोलीचा जवळजवळ चौथा हिस्सा. आणि पाय ठेवण्याची, मधून चालण्याची जागा यात धरलेलीच नाही. एवढी जागा अडवून बसणार माणसे पाच, आणि तीही पाहुणे येतील त्या दिवशी.

आता दोन खुर्च्या आणि टीपॉय काढून टाका, आणि दीड फूट चौरस अशा तीन पफ्या आणा. तिघींना मिळून पावणेसात चौरस फूट लागतात. म्हणजे १३ चौरस फूट जागा मोकळी झाली. एरवी दोन पफ्या खिडकीखाली किंवा टेबलाखाली सरकवून ठेवाव्यात. तिसरी सोफ्यासमोर राहू द्यावी. तिच्यावर कडा असलेला लाकडी ट्रे ठेवला की ती टीपॉय झाली. ट्रे उचलला की पाय टेकण्याची जागा झाली. पाहुणे आले की तिघीही पुढे ओढाव्यात. मुलाला जमिनीवर बसून चित्रे काढावयाची असतील तर पफीचे टेबल होते. बाहेर जाताना बूट चढविण्यासाठी दाराशी ठेवली तर म्हाताऱ्या माणसाला एका पायावर उभे राहण्याची कसरत करावी लागत नाही. आत कप्पा असेल तर पाहुण्यांच्या चादरी, लोकरीचे कपडे किंवा मुलांची खेळणी तिच्या पोटात जातात.

पाय टेकण्याचे शास्त्र

येथवरचा विचार सोयीचा झाला. पण पादपीठाचा खरा प्रश्न शरीराचा आहे, आणि तो घरातल्या स्त्रियांशी विशेष निगडित आहे. बाजारातील खुर्चीची बैठक साधारण १७ ते १८ इंच उंच असते. हे माप ज्या देशांत रूढ झाले तेथील माणसे सरासरीने उंच, आणि ती घरातही पुष्कळदा पायात बूट घालून वावरतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे अंतर उंचीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके असते. म्हणजे तिच्या बाबतीत १५ इंच. त्यात आपण चपला दाराशी काढून येतो. तेव्हा खुर्ची आणि पाय यांत दोन-तीन इंचांचा फरक पडतो, आणि पाय लोंबकळतात किंवा नुसते चवडे टेकतात.

दोन-तीन इंच म्हणजे काही विशेष नाही, असे वाटेल. पण पाय अधांतरी राहिले की त्यांचा भार मांडीच्या मागच्या बाजूवर पडतो आणि खुर्चीची पुढची कड तेथे रुतते. रक्ताच्या परतीच्या वाटेत अडथळा येतो, मुंग्या येतात. मग माणूस पाय टेकविण्यासाठी पुढे सरकतो. पुढे सरकला की पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटते आणि कंबर वाकते. दिवसभर असे बसल्यावर संध्याकाळी कंबर दुखली तर त्यात नवल नाही. आपल्या आज्या खुर्चीवर मांडी घालून बसत, ती जुनी खोड म्हणून आपण हसलो. खुर्ची त्यांच्या मापाची नव्हती, आणि मांडी घालणे हा त्यांनी शोधलेला उपाय होता.

याला औषध अगदी स्वस्त आहे. माळ्यावरचा पाट खाली काढावा, पुसावा आणि पायाखाली घ्यावा. त्याची जाडी कमी पडली तर दोन-तीन इंच उंचीचे फळकूट सुताराकडून करून घ्यावे. तळवा पूर्ण टेकला, गुडघा काटकोनात आला आणि मांडीखाली हाताची बोटे सहज गेली, की माप जमले असे समजावे. शिवणयंत्रावर, संगणकापुढे किंवा अभ्यासाच्या टेबलाशी बसणाऱ्यांना, विशेषतः मोठ्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या शाळकरी मुलांना, याची फार गरज असते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या पायाखालीही असेच बुटके स्टूल असावे. गुडघे किंचित वर आले की मूल मांडीवर आपोआप वर येते आणि आईला त्याच्यावर वाकावे लागत नाही.

स्वयंपाकघरातील ओट्यापाशी तासन् तास उभे राहणाऱ्यांनाही पादपीठाचा उपयोग आहे. चार-पाच इंच उंचीचे मजबूत स्टूल ओट्याखाली ठेवावे आणि एकदा उजवा, एकदा डावा असा पाय आलटून पालटून त्यावर ठेवावा. एक मांडी वर उचलली गेली की मांडीपासून कंबरेच्या मणक्यांपर्यंत जाणारा स्नायू सैल होतो आणि कंबरेचा बाक कमी होतो. कमोडवर बसताना पायाखाली सात-आठ इंचांचे स्टूल घेण्याची शिफारस केली जाते, तिचे कारणही असेच शारीरिक आहे. गुडघे वर आल्याने उकिडव्या बैठकीसारखी स्थिती येते आणि आतड्याच्या शेवटच्या भागातील बाक सरळ होतो. ज्यांचे गुडघे आता उकिडवे बसू देत नाहीत, त्यांना जुन्या बैठकीचा थोडा फायदा असा परत मिळतो.

पाय वर घेऊन बसण्याने पायांवरची सूज थोडी उतरते. पण पुरता उपयोग व्हावयाचा तर आडवे होऊन पाय छातीच्या पातळीहून वर घ्यावे लागतात. पफीवर पाय लांब करताना नुसती टाच टेकू नये; गुडघा अधांतरी राहून ताणला जातो. पोटरीखाली उशी घ्यावी. एकाच पायावर अचानक सूज आली आणि तो दुखू लागला, तर मात्र पादपीठ शोधीत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

निवड आणि सावधगिरी

पफी घेताना प्रथम सोफ्याची उंची मोजावी. पफी सोफ्याइतकी किंवा त्याहून एक-दोन इंच बुटकी असावी. अधिक उंच असेल तर पाय वर ठेवताना गुडघ्यांना ताण पडतो. फार बुटकी असेल तर वयस्क माणसाला तिच्यावरून उठणे कठीण. सुताराकडून करून घ्यावयाची असेल तर चौदा इंचांचा प्लायवूडचा खोका आणि त्यावर तीन-चार इंचांचा घट्ट फोम हे प्रमाण ठीक पडते. बसल्यावर फोम इंचभर दबतो हे हिशेबात धरावे. ट्रे ठेवावयाचा असेल तर वरची बाजू सपाट आणि कडक हवी; फुगीर गादीवर चहा ठेवणे म्हणजे गादीलाच चहा पाजणे. अभ्रा काढून धुता येईल असा शिवावा. तळाला इंच-दीड इंचाचे पाय असावेत, म्हणजे फरशी पुसताना लाकूड भिजत नाही. कप्प्यात पावसाळ्यापूर्वी कपडे कोरडे करूनच ठेवावेत. आपल्या किनारपट्टीच्या हवेत बंद पेटीला बुरशी लागावयास वेळ लागत नाही.

आता धोक्याच्या चार गोष्टी. पहिली: झाकणाच्या पेटीला आपोआप लागणारे कुलूप कधीही नसावे, झाकण आधाराने उघडे राहावे आणि हवेसाठी भोके असावीत. मुले लपाछपीत पेटीत शिरतात. अमेरिकेत अशा कुलपाच्या जुन्या लाकडी पेट्यांत मुले गुदमरल्याच्या घटना घडल्या, तेव्हा १९९६ साली ती कुलुपे बदलून देण्याची मोठी मोहीम काढावी लागली. दुसरी: मऊ पफीवर उभे राहून माळ्यावरचे सामान काढू नये, पायाखालची गादी कलते आणि माणूस तोल जाऊन पडतो. त्या कामाला घडवंची किंवा शिडी आहे. तिसरी: बसण्याच्या पफीला चाके नसावीत, असलीच तर अडकविता येणारी असावीत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: रात्री पलंगापासून न्हाणीघराकडे जाण्याच्या वाटेत कोणतेही बुटके सामान ठेवू नये. उंच कपाट अंधारातही हाताला लागते. बुटके स्टूल पायालाच लागते, आणि म्हातारपणी मोडलेला खुबा हे साधे दुखणे नव्हे. पफीचा रंग फरशीहून वेगळा असावा, हे यासाठीच सांगतो.

ज्यांना पाठीचा आधार लागतो त्यांना पफीवर बसवू नये, हेही ध्यानात ठेवावे. पाहुण्यांत वडीलधारे असतील तर त्यांना सोफा द्यावा आणि पफी आपण घ्यावी. व्हर्सायमध्ये ज्या बुटक्या स्टुलासाठी भांडणे होत, ते आपल्या घरी यजमानाने आनंदाने पत्करावे.

तात्पर्य, नवीन सामान आणण्यापूर्वी प्रत्येकाने घरी एक साधे काम करावे. घरातील सर्व माणसांना रोजच्या खुर्चीवर एकदा मागे टेकून बसावयास सांगावे आणि खाली पाहावे. कोणाचे पाय टेकतात आणि कोणाचे लोंबकळतात, हे दोन मिनिटांत कळेल. बहुतेक घरांत लोंबकळणारे पाय आईचे, आजीचे किंवा मुलांचे निघतील, आणि त्याविषयी त्यांनी आजवर तक्रारही केलेली नसेल. दुकानात जावयाचे ते नंतर. आधी माळ्यावरचा पाट खाली काढून त्यांच्या पायाखाली द्यावा.